दृष्टिदानाची हत्यारे

वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या दिवशी, आपल्याकडील सुतार रंध्या-पटाशीची पूजा करतो, न्हावी वस्तऱ्याची करतो आणि कारखान्यातील कामगार आपल्या यंत्राला झेंडूची माळ घालतो. एरवी मात्र हत्याराची आठवण फारशी कोणाला राहत नाही. वाडा बांधून झाला की धन्याचे नाव कोनशिलेवर जाते. करवतीचे जात नाही. वैद्यकाच्या इतिहासातही हेच आढळते. अमुक शस्त्रक्रिया अमुक वैद्याने अमुक साली प्रथम केली, याची नोंद मोठ्या काळजीने ठेवलेली असते. पण त्या दिवशी त्याच्या हातात कोणते हत्यार होते, त्याची धार कशी होती, ते कोणाच्या कल्पनेतून घडले, हे विचारण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. आज आम्ही तेच विचारणार आहोत. विषय आहे डोळ्याचा: एकाचे बुबुळ दुसऱ्याला बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा, आणि त्यासाठी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत घडत गेलेल्या हत्यारांचा.

आम्ही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले आणि जे काही शिकलो ते वाचनालयात बसून. परंतु हत्यार आणि ते धरणारा हात यांची संगत आम्ही जवळून पाहिली आहे. आणि लेथवर किंवा साणेवर काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यात कण गेला म्हणजे त्याच्या घरावर कोणता प्रसंग गुदरतो, तेही पाहिले आहे. तेवढ्याच अधिकाराने हे बोलणे आहे.

प्रथम डोळ्याची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. डोळ्याच्या पुढच्या बाजूस, घड्याळावर काच बसवावी तसा, एक पारदर्शक पडदा असतो. ग्रंथांतून त्याला स्वच्छमंडल म्हणतात, डॉक्टर कॉर्निया म्हणतात, आणि नेत्रदानाच्या फलकावर त्यालाच बुबुळ म्हटलेले असते. हा पडदा रुंदीला साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास आणि मध्यभागी जाडीला जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. म्हणूनच तो स्वच्छ राहतो. एवढ्याशा जाडीतही थरावर थर आहेत. अगदी आतल्या बाजूस पेशींचा एकच थर असून पडद्यात मुरणारे पाणी सतत बाहेर उपसत राहणे, हे त्याचे काम. माणसामध्ये या पेशी एकदा गेल्या की त्यांची जागा नव्या पेशी घेत नाहीत. जखम झाली, घाव चिघळला, चुना किंवा आम्ल उडाले, की हा पडदा पांढरा होतो. आपल्याकडे म्हणतात, "डोळ्यात फूल पडले." मागचा सारा डोळा शाबूत असतो, दिवा तेवत असतो, पण कंदिलाची काचच काजळलेली असते.

काच काजळली तर काच बदलावी, हा विचार कोणाच्याही मनात सहज येईल. तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच युरोपातील वैद्यांच्या मनात आला. रायझिंगर या जर्मन वैद्याने १८२४ साली या शस्त्रक्रियेला केराटोप्लास्टी हे नाव दिले. सॅम्युअल बिगर नावाचा आयरिश वैद्य ईजिप्तमध्ये बदाऊंच्या कैदेत असताना त्याने एका पाळीव हरिणीच्या आंधळ्या डोळ्यावर दुसऱ्या हरिणाचे बुबुळ बसवले आणि १८३७ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या किसाम याने डुकराचे बुबुळ माणसाच्या डोळ्यावर बसवून पाहिले. ते थोड्याच दिवसांत धूसर झाले. अशा प्रयत्नांत जवळजवळ ऐंशी वर्षे गेली. नाव होते, कल्पना होती, धाडसही होते. यश तेवढे नव्हते.

हे अपयश का आले? एक कारण उघड आहे: पशूचे ऊतक माणसाच्या शरीराला मानवत नाही. जंतुनाशनाची आणि भूल देण्याची विद्याही त्या काळी बाल्यावस्थेतच होती. परंतु आणखी एक कारण होते, आणि ते हत्याराचे होते. डोळा हा आतून दाब असलेला, पाण्याने भरलेला मऊ गोळा आहे. त्यावर सुरी टेकवली की तो दबतो. सुरी आत शिरली की पुढच्या कप्प्यातील पाणी क्षणात बाहेर येते आणि गोळा बसतो. बसलेल्या डोळ्यावर उरलेले वर्तुळ कापायचे म्हणजे हवा गेलेल्या फुटबॉलच्या चामड्यातून गोल तुकडा काढण्यासारखे आहे. सुरी जरा खोल गेली तर मागच्या भिंगाला लागते आणि मोतीबिंदू होतो. जरा तिरकी गेली तर वर्तुळाचे अंडे होते. मग दात्याचा तुकडा आणि रोग्याची खाच यांचा मेळ बसत नाही, कडा ताणल्या जातात, आणि तुकडा स्वच्छ राहिला तरी त्यातून जग वेडेवाकडे दिसते. दात्याचा तुकडा कापताना तो चेंगरला तर आतल्या पेशी मरतात आणि तो स्वच्छही राहत नाही. सारांश, प्रश्न होता एक वर्तुळ कापण्याचा. शाळेतील मुलगा कंपासाने जे सहज काढतो, ते काढायला नेत्रवैद्यांना दोन पिढ्या लागल्या.

हे वर्तुळ कापणारे पहिले भरवशाचे हत्यार आले ते घड्याळाच्या विद्येतून. आर्थर फॉन हिप्पेल या जर्मन नेत्रवैद्याने १८८० नंतरच्या दशकात एक गोल पाते बनवले. नळीच्या तोंडालाच धार लावलेली. आणि ही नळी हाताने न फिरवता चावी देऊन गुंडाळलेल्या स्प्रिंगने फिरायची. पाते किती खोल जावे यासाठी अटकाव ठेवलेला. या प्रकारच्या गोल पात्याला ट्रेफाइन म्हणतात. फरक लहान दिसतो, पण तो मूलगामी आहे. हाताने कापताना जोर आणि दिशा ही दोन्ही कामे एकच हात करतो. चावीच्या हत्याराने जोर स्प्रिंगकडे दिला. हाताकडे उरले ते फक्त धरणे. सुतार गिरमिटाने भोक पाडतो तेव्हा त्याला जो फायदा होतो, तोच हा. फॉन हिप्पेलने आतला थर शाबूत ठेवून फक्त वरचे थर बदलण्याचा प्रयोग केला. ज्याला हात लावायचे कारण नाही त्याला लावू नये, हा त्याचा विचार त्या काळाच्या फार पुढे होता. पुढच्या सव्वाशे वर्षांत हत्यारे त्याच विचाराकडे फिरून आली, हे आपण पाहणार आहोत.

यानंतरचा दिवस आहे ७ डिसेंबर १९०५ चा. गाव ओलोमोउत्स, त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, आज चेक प्रजासत्ताकात. वैद्य एडुआर्ड झिर्म. आणि टेबलावरचा रोगी? तो कोणी सरदार नव्हता, सावकार नव्हता. तो पंचेचाळीस वर्षांचा एक मजूर होता. कळीचा चुना विरवताना तो उडून त्याचे दोन्ही डोळे गेले होते. दाता होता अकरा वर्षांचा एक मुलगा. लोखंडाचा तुकडा घुसून त्याचा डोळा निकामी झाला होता आणि तो काढावाच लागणार होता. पण त्या डोळ्याचे बुबुळ चांगले होते. एकाला चुन्याने आंधळे केले, दुसऱ्याचा डोळा लोखंडाने गेला. या दोन अपघातांच्या सांध्यावर वैद्यकातील एक नवे पर्व उभे राहिले.

झिर्मच्या हातात फॉन हिप्पेलचेच ट्रेफाइन होते. मुलाच्या बुबुळातून त्याने दोन तुकडे कापले, मजुराच्या दोन्ही डोळ्यांत बसवले. एक टिकला नाही. दुसरा स्वच्छ राहिला, आणि तो मजूर पुन्हा कामावर जाऊ लागला. झिर्मने आपल्या अनुभवावरून जे नियम सांगितले ते वाचण्यासारखे आहेत: ऊतक माणसाचेच असावे आणि ते तरुण, निरोगी असावे, फॉन हिप्पेलचे ट्रेफाइन वापरावे, भूल गाढ असावी, स्वच्छता कडक असावी, कापलेला तुकडा मिठाच्या पाण्याने ओल्या केलेल्या कापडात, वाफेच्या उबेवर जपावा, आणि तो जागच्या जागी राहावा म्हणून त्याच्यावरून आडवे धागे घ्यावेत. या यादीत हत्याराचे नाव वैद्यकीय तत्त्वांच्या बरोबरीने आले आहे. झिर्म कारागिराचे ऋण विसरला नव्हता.

परंतु जिवंत माणसाचा काढावा लागणारा डोळा नेमका वेळेवर मिळणे हा योगायोग होता, आणि योगायोगावर रुग्णालय चालत नाही. हा प्रश्न सोडवला ओडेसाच्या व्लादिमिर फिलातोव्ह यांनी. मृत माणसाच्या डोळ्याचे बुबुळ थंडीत, शून्याच्या वर दोन ते चार अंशांवर, जपून ठेवले तर ते चालते, हे त्यांनी १९३० नंतरच्या वर्षांत शेकडो रोग्यांवर दाखवून दिले. त्यांचे दुसरे काम कमी ठाऊक आहे. त्यांनी मार्त्सिन्कोव्हस्की या सहकाऱ्याबरोबर नव्या ट्रेफाइनांची एक मालिकाच घडवली. ती ओळखली जाते 'एफ-एम' या अक्षरांनी, म्हणजे दोघांच्या आद्याक्षरांनी. वैद्याबरोबर हत्यार घडवणाऱ्याचे अक्षरही हत्यारावर कोरले गेले, असे उदाहरण वैद्यकात आम्हाला विरळच आढळले.

याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये रामोन कास्ट्रोविएहो या स्पॅनिश नेत्रवैद्याने वेगळी वाट काढली. त्याचे म्हणणे असे की, गोल पात्याला हवी तशी धार येत नाही. सरळ पात्याला येते. मग तुकडा गोलच का हवा? त्याने दोन समांतर पात्यांची सुरी केली. एकदा ओढली की चौकोनाच्या दोन बाजू कापल्या जातात, काटकोनात दुसऱ्यांदा ओढली की उरलेल्या दोन. दात्याच्या आणि रोग्याच्या डोळ्यावर तीच सुरी, तेव्हा मापात तफावत पडण्याचे कारण नाही. धारेच्या शोधात तो इतका पुढे गेला की दाढीच्या पात्याचा तुकडा मोडून चिमटीत धरण्याचे एक साधन आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. न्हाव्याच्या दुकानातील पाते शस्त्रक्रियेच्या टेबलावर आले! चौकोनी तुकड्यांची पद्धत मात्र पुढे मागे पडली, कारण कोपरे नीट भरून येत नसत. १९५० नंतर शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मदर्शक आला, त्यामागून केसाहून बारीक नायलॉनचा धागा आला, आणि गोल तुकडा काठाकाठाने शिवता येऊ लागला. मग वर्तुळाने चौकोनावर मात केली. हत्यारांच्या इतिहासात असे अनेकदा घडते: एका हत्याराची हार त्याच्या स्वतःच्या दोषापेक्षा दुसऱ्या हत्याराच्या आगमनाने ठरते.

आता थोडे सुतारकामाकडे वळू. बार्सेलोनात जन्मलेले होसे बाराकेर १९५० नंतर दक्षिण अमेरिकेतील बोगोटा येथे स्थायिक झाले. त्यांना बुबुळाचा वरचा पापुद्रा सर्वत्र सारख्या जाडीचा काढायचा होता. हातातल्या सुरीने ते साधत नव्हते. मग त्यांनी जे यंत्र घडवले त्याची मूळ कल्पना सुताराच्या रंध्याची आहे. रंध्यात पाते किती बाहेर काढून ठेवावे यावर कपच्याची जाडी ठरते. बाराकेर यांच्या यंत्रातही तेच. एक कडे हवेच्या ओढीने डोळ्याला घट्ट धरते, त्यावरून एक सपाट तळ सरकतो आणि तळातील पाते अतिवेगाने थरथरत पापुद्रा कापत जाते. यालाच मायक्रोकेराटोम म्हणतात. काढलेला पापुद्रा गोठवून बाराकेर तो लेथवर घासून आकार देत आणि पुन्हा डोळ्यावर बसवत. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी केलेले हे यंत्र पुढे बुबुळ-रोपणाच्या कामी कसे आले, ते पुढे येईलच.

ट्रेफाइनचा जुना दोष अजून शिल्लकच होता. दाबून कापायचे म्हणजे डोळा दबणार, आणि दबलेल्या डोळ्यावर काढलेले वर्तुळ दाब सुटल्यावर वर्तुळ राहत नाही. १९८० साली अमेरिकेत हेसबर्ग आणि बॅरन यांच्या नावाचे ट्रेफाइन आले. त्यात पात्याभोवती एक पोकळ कडे असून त्यातील हवा ओढून घेतली की ते बुबुळाला जळवेसारखे चिकटते. मग पाते दाबावे लागत नाही. स्क्रूसारखे फिरवले की ते आपोआप उतरते, एका पूर्ण फेऱ्याला पाव मिलिमीटर. पाव फेरा दिला तर सुमारे साठ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वैद्याला आता खोली मोजून कापता येऊ लागली. शिवाय हे हत्यार एकदा वापरून टाकून द्यायचे, म्हणजे प्रत्येक रोग्याला नवी धार. बोथट झालेली धार पुन्हा पुन्हा वापरण्याचा काळ संपला. दात्याचा तुकडाही वरून न कापता आतल्या बाजूने ठशाने पाडण्याची रीत रूढ झाली, आणि तो खाचेपेक्षा पाव मिलिमीटर मोठा घेण्याचा प्रघात पडला.

इथवर धार पोलादाची होती. यापुढे ती प्रकाशाची झाली, आणि या वळणावर आपल्या देशात जन्मलेला एक माणूस उभा आहे. मद्रासला १९२९ साली जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १९८१ साली त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक्सायमर नावाच्या लेसरचा अतिनील किरण एका सणाच्या मेजवानीतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या हाडा-कुर्च्यावर सोडून पाहिला. खाच स्वच्छ पडली; आजूबाजूला जळल्याची खूण नाही. स्टीव्हन ट्रोकेल या नेत्रवैद्याबरोबर १९८३ साली त्यांनी हा किरण बुबुळावर कसा चालतो ते दाखवले. हा किरण कापत नाही म्हटले तरी चालेल. तो एकेका ठोक्याला मायक्रॉनचा अंश एवढा थर नाहीसा करतो. १९८९ पासून जर्मनीतील एर्लांगेन येथे नाउमान यांच्या विभागात या किरणाने रोपणासाठी बुबुळे कापण्यास सुरुवात झाली. धातूचे कडे बसवून त्याच्या काठाने किरण फिरवायचा. काठाला आठ दाते, म्हणजे दात्याचा तुकडा रोग्याच्या खाचेत कुलपात किल्ली बसावी तसा बसतो. डोळ्याला हत्याराचा स्पर्श नाही, दाब नाही, पीळ नाही.

दुसरा लेसर आला तो एका अपघातातून. १९९३ साली मिशिगन विद्यापीठात जेरार मूरू यांच्या प्रयोगशाळेत काम करताना एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात किरण गेला. तपासणाऱ्या तरुण नेत्रवैद्याला, रॉन कुर्ट्झ यांना, आत ज्या जखमा दिसल्या त्या आश्चर्यकारक रीतीने रेखीव होत्या. इतकी नेटकी जखम करणारा हा लेसर आहे तरी कोणता, हा प्रश्न त्यांनी विचारला. तो फेमटोसेकंद लेसर होता. सेकंदाचे एक वर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यातील एका भागाला फेमटोसेकंद म्हणतात, आणि याचा एकेक ठोका अशा काही शे भागांपुरताच टिकतो. असे ठोके निर्माण करण्याच्या युक्तीबद्दल मूरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुर्ट्झ आणि टिबोर युहास यांनी १९९७ साली हे यंत्र बाजारात आणण्यासाठी कंपनी काढली, आणि २००५ च्या सुमारास ते बुबुळ-रोपणासाठी वापरात येऊ लागले.

हा किरण वरचा थर न फोडता आतल्या ठरलेल्या खोलीवर सूक्ष्म बुडबुडा उत्पन्न करतो. असे असंख्य बुडबुडे शेजारी शेजारी काढले, की पोस्टाच्या तिकिटांच्या कडेला जशी छिद्रांची ओळ असते तशी ओळ तयार होते आणि तुकडा अलगद सुटतो. यामुळे उभी सरळ कडच कापली पाहिजे असे उरले नाही. टोपीसारखी पायरी, अळंबीसारखी छत्री, नागमोडी कड, जी हवी ती घ्यावी. सुतार दोन लाकडे नुसती टोकाला टोक लावून जोडत नाही. खाचा पाडून एकमेकांत बसवतो, म्हणून जोड भक्कम होतो. तेच तत्त्व येथे आले. जखम लवकर सांधते, टाके लवकर काढता येतात, पहिल्या काही महिन्यांत नजरही अधिक सरळ असते.

हे सारे वाचून कोणीही म्हणेल, आता प्रश्नच मिटला. प्रत्येक रुग्णालयाने हे यंत्र घ्यावे. येथेच थोडे थांबले पाहिजे. वर्ष-दीड वर्षाने तुलना केली असता, साध्या ट्रेफाइनने कापलेल्या आणि लेसरने कापलेल्या डोळ्यांच्या अंतिम दृष्टीत फारसे अंतर उरत नाही, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. यंत्राची किंमत मात्र ट्रेफाइनच्या कित्येक पटींनी अधिक, आणि त्याची निगाही तशीच महाग. शिवाय दाट पांढऱ्या फुलातून हा किरण विखुरतो आणि नीट कापत नाही. म्हणजे ज्याचे फूल सर्वांत दाट, त्यालाच या यंत्राचा उपयोग सर्वांत कमी. चुन्याने डोळे गेलेल्या झिर्मच्या त्या मजुरापुढे आज हे यंत्र आणून ठेवले, तर कदाचित वैद्याला पुन्हा पोलादाचे गोल पातेच हाती घ्यावे लागेल.

आणि मोठी गंमत ही की, ज्या सुधारणेने या शस्त्रक्रियेचे रूप खरोखर पालटले, तिचे हत्यार अगदीच साधे होते. नेदरलंड्सचे खेरिट मेलेस यांनी असा विचार केला की, पुष्कळ रोग्यांचे बिघडलेले असते ते फक्त आतले अस्तर. पुढची काच चांगली असताना ती भोसकून सारे बुबुळ का बदलावे? १९९८ पासून त्यांनी एका बाजूच्या लहान छेदातून फक्त मागचा थर बदलण्याच्या रीती प्रसिद्ध केल्या. २००४ साली त्यांनी दाखवले की रोग्याचे बिघडलेले अस्तर एका लहानशा आकड्याने खरवडून काढता येते. दात्याचा पातळ थर कापायला आले बाराकेर यांचे तेच रंध्यासारखे यंत्र. २००६ साली मेलेस आणखी पुढे गेले: दहा-पंधरा मायक्रॉनचे नुसते अस्तर. ते निळ्या रंगाने रंगवायचे, चिमट्याने सोलायचे; सोलले की त्याची आपोआप सुरळी होते; ती सुरळी नळीने डोळ्यात सोडायची, उलगडायची आणि खालून हवेचा बुडबुडा भरून जागी टेकवायची. रोग्याने उताणे पडून राहायचे. टाका एखादाच किंवा तोही नाही. शिवणाऱ्या धाग्याचे काम हवेने केले! अमेरिकेत २०१२ च्या सुमारास अशा आतल्या थराच्या शस्त्रक्रियांनी सबंध बुबुळ बदलण्याच्या शस्त्रक्रियांना मागे टाकले. उलट ज्यांचे आतले अस्तर चांगले आणि वरचे थर बिघडलेले, त्यांच्यासाठी अन्वर आणि टाइखमान यांनी २००२ साली हवेचाच मोठा फुगा भरून थर विलग करण्याची युक्ती प्रसिद्ध केली. फॉन हिप्पेलने घड्याळाच्या चावीने जे साधू पाहिले होते, ते सव्वाशे वर्षांनी हवेने साधले.

यावरून हत्याराची पहिली कसोटी हाती लागते. कापणारे हत्यार किती जोराने किंवा किती वेगाने कापते, यावर त्याचे मोल नाही; ते किती कमी कापून काम भागवते, यावर आहे. पण ही एकच कसोटी पुरेशी नाही. दुसरीही हवी: ते हत्यार किती जणांपर्यंत पोहोचते?

येथे काही आकडे सांगणे भाग आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार एका वर्षात ११६ देशांत मिळून १ लाख ८४ हजार ५७६ बुबुळ-रोपणे झाली. आणि वाट पाहणारे होते सुमारे १ कोटी २७ लाख. म्हणजे सत्तर गरजूंमागे एक बुबुळ. आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, पन्नाशीच्या आतील अंधांमध्ये बुबुळाच्या विकाराने अंध झालेल्यांचे प्रमाण ३७.५ टक्के आढळले. पन्नाशीच्या आत! मोतीबिंदू बहुधा म्हातारपणी येतो. फूल पडते ते कमावत्या वयात, ज्याच्या मजुरीवर चूल पेटते त्याच्या डोळ्यात.

सत्तर माणसांच्या रांगेत एकच बुबुळ असेल, तर जगातली उत्तमातली उत्तम धार उरलेल्या एकोणसत्तरांना काय देणार? मात्र पातळ कापण्याची विद्या येथेही उपयोगी पडते. एकाच बुबुळाचे वरचे थर एका रोग्याला आणि आतले अस्तर दुसऱ्याला देता येते, आणि तसे केले गेले आहे. जपानमध्ये क्योतोच्या किनोशिता यांनी आतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या नुसत्या सुईने डोळ्यात सोडल्या. २०१८ साली अकरा रोग्यांचा वृत्तांत आला आणि २०२३ साली तेथील सरकारने या उपचाराला मान्यता दिली. एका दात्याच्या पेशींतून अनेकांचे भागेल, ही त्यातली मोठी आशा. कमी कापणे आणि अधिकांना पोहोचणे, या दोन्ही कसोट्या येथे एकत्र येतात. धारेचे खरे सार्थक आम्हाला येथे दिसते.

दात्यांच्या बाबतीत आपण मागासलेले होतो असे म्हणता येणार नाही. भारतातील पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रासला निघाली; न्यूयॉर्कची पेढी त्याच्या जेमतेम वर्षभर आधीची. मुंबई राज्याने १९५७ सालीच बुबुळ-रोपणासाठी कायदा केला, आणि पुढे १९९४ साली अवयव-रोपणाचा केंद्रीय कायदा आला. कायदा आहे, पेढ्या आहेत, कुशल वैद्य आहेत. कमी पडते ते घरच्यांचे संमतीपत्र. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, आणि त्या दुःखाच्या घटकेला होकार द्यायचा असतो तो मागे राहिलेल्यांनी. म्हणून ही गोष्ट नुसती मनात ठेवून भागत नाही. जिवंतपणी घरात बोलून ठेवावी लागते.

आणि अगदी शेवटी, या सर्व हत्यारांच्या आधीचे एक हत्यार सांगायचे राहिले. नेपाळमध्ये भक्तपूर येथे एक पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. गावातल्या आरोग्यसेवकांना शिकवले की, डोळ्याला ओरखडा उठलेला माणूस आला की त्याला लगेच साधे जंतुनाशक मलम घालावे. इजा झाल्यापासून अठरा तासांच्या आत ज्यांना मलम मिळाले, त्यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यात घाव चिघळला नाही. जे एक दिवस उलटून गेल्यावर आले, त्यांच्यापैकी चौथ्या हिश्श्याहून अधिकांचा चिघळला. चिघळलेला घाव म्हणजे उद्याचे फूल, आणि उद्याचे फूल म्हणजे परवाची सत्तरांची रांग. तसेच चुन्याचे. डोळ्यात चुना उडाला तर त्याचे कण काढून ताबडतोब, आणि पुष्कळ वेळ, स्वच्छ पाण्याची धार धरणे, याहून मोठा उपचार पहिल्या घटकेला नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने आपल्या ३५ व्या कलमात डोळ्यांच्या संरक्षणासाठी चष्मे किंवा आडोसे पुरवण्याचे बंधन घातले होते. ते कलम लिहिणाऱ्यांनी किती शस्त्रक्रिया वाचवल्या याची मोजदाद कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात सापडणार नाही.

म्हणून नवे यंत्र आले की त्याच्यापुढे हात जोडण्याआधी आपण नागरिकांनी दोन प्रश्न विचारावेत. हे जुन्यापेक्षा डोळ्याला कमी दुखवते काय? आणि आमच्या गावातल्या गवंड्याला, लोहाराला, उसाच्या पात्याने डोळा कापलेल्या शेतमजुराला हे मिळणार काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्य आणि कारागीर मिळून सव्वाशे वर्षे देत आले आहेत, आणि ते उत्तर मोठे उज्ज्वल आहे. दुसऱ्याचे उत्तर त्यांच्या हाती नाही. ते नगरपालिकेच्या दवाखान्यात मलमाची नळी आहे की नाही, बांधकामावर पाण्याची बादली आणि चष्मा आहे की नाही, आणि घरात कोणी गेले असता आपण नेत्रपेढीला कळवतो की नाही, यावर ठरते. ते काम आपले आहे.